इन्ट्यूनमधले जुने लॅपटॉप पॉवरशेलने घाऊक काढायचे कसे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या तारखेच्या मागेपुढे कितीतरी आयटी विभागांत एकच काम चालू होतं: नवे लॅपटॉप वाटायचे आणि जुने परत घ्यायचे. परत आलेले लॅपटॉप स्टोअरच्या रॅकवर चढले, काही विकले गेले, काही भंगारात गेले. कागदोपत्री हिशेब मिटला. कंपनीची मशीनं दुरून सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा, म्हणजे इन्ट्यून, उघडून पाहिली तर मात्र ते सगळे अजून कंपनीच्या सेवेत हजर असतात. अनुपालनाचा अहवाल त्यांच्यामुळे लाल दिसतो. ऑडिटर विचारतो, हे तीनशे लॅपटॉप कुणाच्या ताब्यात आहेत? ज्या इंजिनिअरच्या नावावर चाचणीची मशीनं साठत गेली, त्याला नवं मशीन इन्ट्यूनमध्ये एनरोल, म्हणजे दाखलच करता येत नाही, कारण इन्ट्यूनमध्ये एका माणसामागे जास्तीत जास्त १५ मशीनं चालतात.

पोर्टलवरून घाऊक क्रिया करता येते, पण एका वेळी १०० मशीनं, आणि तीही फक्त इन्ट्यूनपुरती. बाकीच्या नोंदी हातानेच शोधत बसावं लागतं. म्हणून पॉवरशेलची, म्हणजे विंडोजच्या कमांड-भाषेतली, स्क्रिप्ट हवी. ती लिहिणं अवघड नाही, प्रत्यक्ष डिलीट करणारी ओळ एकच असते. माझा या कामातला बहुतेक वेळ त्या ओळीच्या आधी, यादीवर जातो. तो तिथेच जायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि या लेखातही सर्वांत जास्त जागा यादीलाच दिली आहे.

कमांडांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पॉवरशेलमध्ये पहिली काही अक्षरं टाइप करून टॅब दाबलात की पूर्ण नाव आपोआप येतं.

एका लॅपटॉपच्या चार नोंदी

टेबलावर लॅपटॉप एकच असतो, पण मायक्रोसॉफ्टच्या जगात त्याच्या सहसा तीन आणि कधी चार नोंदी असतात.

पहिली इन्ट्यूनमध्ये. पॉलिसी, अ‍ॅप, अनुपालन हे सगळं तिच्यावर चालतं. दुसरी एन्ट्रा आयडीमध्ये, म्हणजे ज्याला आपण कालपर्यंत अझुर एडी म्हणत होतो तिथे. मशीनची ओळख ही नोंद सांभाळते, आणि डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की हिलाच चिकटलेली असते. तिसरी ऑटोपायलटची. मशीनच्या हार्डवेअरचा ठसा तिथे नोंदलेला असतो, म्हणून फॅक्टरी रिसेट केल्यावरही लॅपटॉप सुरू होताच तुमच्या कंपनीचं लॉगिन पान दाखवतो. चौथी नोंद कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, मशीन हायब्रिड पद्धतीने, म्हणजे ही डिरेक्टरी आणि एन्ट्रा दोन्हींना, जोडलेलं असेल तर.

यातली एखादी राहून गेली की त्रास नंतर उगवतो. ऑटोपायलटची नोंद न काढता लॅपटॉप विकला, तर घेणाऱ्याच्या घरी तो तुमच्या कंपनीचा ईमेल मागतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली नोंद राहिली, तर एन्ट्रातून काढलेलं मशीन पुढच्या सिंकमध्ये परत येतं. या दोन्हींचा मेळ घालणाऱ्या एन्ट्रा कनेक्टचं सिंक साधारणपणे दर ३० मिनिटांनी होतं, त्यामुळे सकाळी केलेली सफाई चहा होईपर्यंत उलटलेली असते.

काढण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी इन्ट्यून, मग ऑटोपायलट, मग एन्ट्रा. ऑटोपायलटमध्ये नोंदलेल्या मशीनची एन्ट्रातली नोंद, आधी ऑटोपायलटमधून काढल्याशिवाय डिलीट होत नाही. हायब्रिड मशीन असेल तर एन्ट्राच्या आधी स्थानिक अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं खातं काढायचं आणि सिंक होऊ द्यायचं. तसं केलं की एन्ट्रातली नोंद सिंकच काढून नेतं.

रिटायर, वाइप, डिलीट

हे तीन शब्द एकाच मेनूत शेजारीशेजारी असल्यामुळे सारखेच वाटतात. रिटायर केलं की कंपनीचा डेटा, पॉलिसी आणि कंपनीने बसवलेली जोडणी निघते आणि माणसाचा खासगी डेटा राहतो. वाइप मशीनला फॅक्टरी अवस्थेत नेतं. डिलीटने इन्ट्यूनमधली नोंद जाते.

कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप असेल तर फक्त रिटायर. स्क्रिप्टमध्ये ही अट पक्की बांधून ठेवा: इन्ट्यूनच्या प्रत्येक नोंदीवर मालकीचा रकाना असतो, तिथे 'कंपनी' नसेल तर वाइपची ओळ चालताच कामा नये. दुसऱ्याच्या घरातले फोटो पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कंपनीचा लॅपटॉप विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल तर वाइप, आणि वाइप झाल्याची खात्री पटल्यावरच डिलीट. वाइपची आज्ञा मशीन इंटरनेटला जोडलेलं असेल तेव्हाच पोहोचते. रॅकवर बंद पडलेल्या लॅपटॉपला वाइप पाठवलं आणि पाच मिनिटांनी त्याची नोंद डिलीट केली, तर आज्ञा पोहोचलीच नाही आणि डिस्कवरचा डेटा जागच्या जागी राहिला. म्हणून वाइप आणि डिलीट एकाच फेरीत करू नका. वाइपची फेरी आज चालवा. पोर्टलमधल्या डिव्हाइस अ‍ॅक्शन्सच्या पानावर कोणाचं पूर्ण झालं ते बघा आणि उरलेल्या मशीनांना रॅकवरून उतरवून चार्जरला लावा. डिलीटची फेरी त्यानंतर.

यादी

मे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात विंडोज ७ नव्याने बसवण्याचं एक काम चुकून विद्यापीठातल्या सगळ्या विंडोज मशीनांकडे गेलं. लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हर सगळे पुसले जाऊ लागले, आणि ते काम वाटणारा सर्व्हरही त्यातून सुटला नाही. आज्ञा बरोबर होती आणि तिने तिचं काम चोख केलं. ती कुणाकुणाकडे गेली, तेवढंच चुकलं.

घाऊक काढण्याच्या कामात यादी साधारण दोन प्रकारे तयार होते. एक, मशीन कितीतरी दिवसांत दिसलेलं नाही म्हणून. दोन, मशीन परत आलं आहे असं स्टोअरचं रजिस्टर सांगतं म्हणून. पहिली पद्धत सोपी आहे, कारण इन्ट्यूनमध्ये शेवटच्या सिंकची तारीख तयार असते. ९० दिवसांपूर्वीचं सगळं काढा, असा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. भारतातल्या कंपनीत हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

एका कंपनीत काम करत असताना आम्ही तो घेतला होता. ९० दिवस न दिसलेली मशीनं निवडली, इन्ट्यूनमधून काढली, एन्ट्रामधूनही काढली. दीड महिन्याने एक सहकारी प्रसूतीच्या रजेवरून परत आली. घरच्या कपाटातला लॅपटॉप तिने उघडला तेव्हा त्याने बिटलॉकरची की मागितली. की एन्ट्रातल्या नोंदीबरोबर गेली होती. रजेवर जाण्याआधी तिने केलेलं, सर्व्हरवर न चढवलेलं सगळं काम त्या डिस्कमध्ये अडकलं आणि बाहेर आलं नाही. ती काही बोलली नाही. मला मात्र तो दिवस अजून आठवतो.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, म्हणजे १८२ दिवस. ९० दिवसांची रेषा आखली की पूर्ण रजा घेणारी प्रत्येक बाई त्या यादीत येणारच. लांबच्या आजारपणावर असलेला, परदेशी ग्राहकाकडे पाठवलेला आणि तिकडचंच मशीन वापरणारा, सबॅटिकलवर गेलेला, हे सगळेही येतात. तारीख एवढंच सांगते की मशीन बोललेलं नाही. का बोललं नाही, हे माणसाला विचारावं लागतं.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे. तारखेवरून फक्त संशयितांची यादी बनवायची. ती एचआरच्या रजेच्या यादीशी आणि स्टोअरच्या रजिस्टरशी ताडून पाहायची. काढायच्या यादीत तेच मशीन जातं, जे परत आल्याची सही रजिस्टरमध्ये आहे किंवा जे हरवल्याची, चोरीला गेल्याची नोंद आहे. यातलं काहीच नसेल तर त्या माणसाला किंवा त्याच्या मॅनेजरला ईमेल, आणि उत्तर येईपर्यंत मशीन जागेवर.

तारखेबद्दल आणखी एक. एन्ट्रामध्ये शेवटच्या वापराचा जो ठसा दिसतो तो दररोज बदलत नाही. आधीचा ठसा साधारण १४ दिवसांहून जुना झाला असेल तरच नवा उमटतो, आणि त्यातही पाच दिवसांचा मागेपुढे फरक पडतो. त्यामुळे दहावीस दिवसांच्या बारीक हिशेबाला तो उपयोगी नाही. महिन्यांच्या हिशेबाला चालतो. इन्ट्यूनचा आणि एन्ट्राचा, दोन्ही ठसे जुने असतील तरच मशीन संशयित धरा.

आता सीरियल नंबर. स्टोअरची यादी एक्सेलमध्ये येते आणि सगळी पडझड तिथे होते. सीरियल नंबर पूर्ण आकड्यांचा असेल तर एक्सेल सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. मधेच 'ई' हे रोमन अक्षर असलेला आकड्यांचा नंबर असेल तर ते त्याला घातांकातली संख्या समजून रूप पालटतं. यादी मागवतानाच सांगा की तो रकाना टेक्स्ट म्हणून ठेवायचा, आणि सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करायची नाही.

नंबराच्या मागेपुढे आलेली मोकळी जागा कापा आणि सगळी अक्षरं कॅपिटल करून घ्या. रिकाम्या ओळी आधीच फेका, कारण रिकाम्या किमतीवर शोध घेणारी स्क्रिप्ट काय उचलून आणेल याचा भरवसा नाही. सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपवर तर आणखी वेगळी गंमत असते: सीरियल नंबराच्या जागी 'सिस्टिम सीरियल नंबर' किंवा 'डिफॉल्ट स्ट्रिंग' असे शब्दच असतात, आणि तेच शब्द पन्नास मशीनांवर असतात. अशा शब्दांची एक वर्ज्य यादी स्क्रिप्टमध्ये ठेवा.

मग नियम एकच. यादीतल्या एका सीरियल नंबरासाठी इन्ट्यूनमध्ये नेमकी एक नोंद सापडली तर ती पुढे जाते. एकही सापडली नाही किंवा दोन सापडल्या, तर ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये जाते आणि माणूस ती बघतो. लॅपटॉप एकाकडून काढून दुसऱ्याला देताना पुन्हा एनरोल केला असेल तर दोन नोंदी सहज असतात, आणि त्यातली एक आज कुणीतरी वापरत असतं.

एक कायमची 'हात लावू नका' यादीही हवी. मीटिंग रूमची मशीनं, कारखान्यातल्या लाइनवरची, रिसेप्शनची, आणीबाणीसाठी कपाटात ठेवलेली. ही क्वचित सिंक होतात आणि प्रत्येक सफाईत संशयित ठरतात. एन्ट्रामध्ये त्यांचा एक ग्रुप करून ठेवा आणि स्क्रिप्टने सर्वांत आधी तो ग्रुप वाचावा. ग्रुप वाचता आला नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. रिकामा ग्रुप आणि न वाचता आलेला ग्रुप यात फरक आहे, तो कोडमध्येही दिसला पाहिजे.

आधी की जपा

एन्ट्रातली नोंद काढली की तिच्याबरोबर बिटलॉकरच्या कीही जातात. म्हणून काढायच्या प्रत्येक मशीनच्या की आधी बाहेर काढून कुलूपबंद जागी ठेवायच्या. मायक्रोसॉफ्टच्या या सेवांशी स्क्रिप्टने बोलण्याचा मार्ग म्हणजे ग्राफ. ग्राफमध्ये या कींची यादी मशीनच्या ओळखीवरून मागता येते, पण नुसती यादी मागितली तर प्रत्यक्ष की येत नाही, फक्त तिचा क्रमांक येतो. की हवी असेल तर एकेका क्रमांकासाठी सिलेक्टमध्ये 'की' असं वेगळं सांगून मागावी लागते. अशी प्रत्येक मागणी ऑडिट लॉगमध्ये उमटते, म्हणून हे काम करण्याआधी सुरक्षा विभागाला कळवा. तीनशे की एका दुपारी वाचल्या गेल्या तर त्यांना फोन येणं साहजिक आहे.

ही फाइल तुमच्या डेस्कटॉपवर पडू देऊ नका. कंपनीचं जे काही पासवर्डचं कपाट असेल त्यात ठेवा, आणि ती कधी नष्ट करायची याची तारीख आजच लिहा.

हक्क आणि लॉगिन

इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये अझुर एडी आणि एमएस ऑनलाइन ही मॉड्यूलं दिसतील. मायक्रोसॉफ्टने ती ३० मार्च २०२४ ला कालबाह्य ठरवली. नवीन काम मायक्रोसॉफ्ट ग्राफच्या पॉवरशेल मॉड्यूलवर करा, शक्यतो पॉवरशेल ७ मध्ये.

कनेक्ट-एमजीग्राफ या कमांडला स्कोप, म्हणजे कशाला हात लावायचा त्याच्या परवानग्या, द्यावे लागतात. फक्त यादी बनवायची असेल तेव्हा फक्त वाचण्याचे स्कोप मागा. हे मी पुन्हापुन्हा सांगतो: यादी बनवणारी स्क्रिप्ट आणि काढणारी स्क्रिप्ट वेगवेगळ्या असू द्या, आणि पहिलीच्या हातात सुरी देऊ नका. काढताना इन्ट्यूनच्या नोंदींसाठी डिव्हाइसमॅनेजमेंट-मॅनेज्डडिव्हाइसेसचा रीडराइट स्कोप लागतो. रिटायर आणि वाइपसाठी त्याच घराण्यातला प्रिव्हिलेज्ड ऑपरेशन्स, ऑटोपायलटसाठी सर्व्हिस कॉन्फिगचा रीडराइट. शिवाय लॉगिन करणाऱ्या माणसाकडे इन्ट्यून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची भूमिका असावी. ग्लोबल अ‍ॅडमिनने हे काम करू नये. तुमच्याकडे भूमिका ठरावीक वेळेपुरती देण्याची सोय असेल तर ती तीन तासांसाठी घ्या आणि काम झालं की जाऊ द्या.

एकदाच करायची सफाई असेल तर माणसाने लॉगिन करूनच करावी, म्हणजे लॉगमध्ये माणसाचं नाव राहतं. दर महिन्याला आपोआप चालवायचं असेल तर अ‍ॅप नोंदवून सर्टिफिकेटने लॉगिन करा, किंवा अझुर ऑटोमेशनमध्ये मॅनेज्ड आयडेंटिटी, म्हणजे पासवर्ड न ठेवता मिळणारी ओळख, वापरा. स्क्रिप्टच्या ओळीत पासवर्ड किंवा सीक्रेट लिहिलेलं मला दिसलं तर मी ती स्क्रिप्ट पुढे वाचत नाही.

इन्ट्यूनमध्ये आता डिलीट, वाइप, रिटायर या क्रियांसाठी दुसऱ्या अ‍ॅडमिनची मंजुरी सक्तीची करता येते. घाऊक कामाच्या आधी ती सोय चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर मंजुरी देणारा माणूस त्या वेळी जागेवर आहे याची खात्री करा.

स्क्रिप्टचा सांगाडा

पहिला भाग वाचण्याचा. इम्पोर्ट-सीएसव्हीने यादी आत घ्या. मग इन्ट्यूनमधल्या सगळ्या नोंदी गेट-एमजीडिव्हाइसमॅनेजमेंटमॅनेज्डडिव्हाइस या कमांडने, 'ऑल' लावून, एकदाच उतरवून घ्या. 'ऑल' विसरलात तर फक्त पहिलं पान मिळतं आणि निम्मी यादी 'सापडली नाही' मध्ये जाते. उतरवलेल्या नोंदी सीरियल नंबरावर लावलेल्या हॅश टेबलमध्ये, म्हणजे नंबर दिला की थेट नोंद देणाऱ्या तक्त्यात, भरा. एकेका लॅपटॉपसाठी स्वतंत्र शोध घेण्यापेक्षा हे कितीतरी वेगवान आहे आणि सर्व्हरवर भारही कमी पडतो. ऑटोपायलटची यादीही तशीच उतरवा. तिथे 'कंटेन्स' लावून शोध घेऊ नका, अर्धवट जुळणारा दुसराच नंबर हाती येतो.

दुसरा भाग जुळवण्याचा, आणि इथे एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो. एन्ट्रातल्या प्रत्येक मशीनला दोन ओळख क्रमांक असतात: डिव्हाइस आयडी आणि ऑब्जेक्ट आयडी. दिसायला दोन्ही सारखेच लांबलचक. इन्ट्यूनच्या नोंदीत एन्ट्राचा जो क्रमांक असतो तो डिव्हाइस आयडी. रिमूव्ह-एमजीडिव्हाइस या कमांडला मात्र ऑब्जेक्ट आयडी लागतो, आणि गोंधळ वाढावा म्हणून की काय, त्या कमांडच्या पॅरामीटरचं नाव डिव्हाइस आयडी असंच आहे. तेव्हा आधी गेट-एमजीडिव्हाइसला डिव्हाइस आयडीची गाळणी लावून नोंद आणा आणि तिच्यातला 'आयडी' हा रकाना उचलून पुढे द्या. एन्ट्रात नोंद नसलेल्या मशीनसाठी इन्ट्यून या रकान्यात सगळी शून्यं ठेवतं. ती शून्यं दिसली तर एन्ट्राची पायरी गाळा.

तिसरा भाग पहारेकऱ्याचा. जुळवून झालं की स्क्रिप्टने चार आकडे छापावेत: यादीत किती, नेमके जुळले किती, वर्ज्य किती, बाजूला काढले किती. मग चालवणाऱ्याने अपेक्षित संख्या हाताने टाइप करावी. नुसतं 'वाय' दाबणं पुरेसं नाही, बोट सवयीने दाबतं. संख्या टाइप करायची म्हटलं की माणूस वाचतो. शिवाय एक वरची मर्यादा कोडमध्ये पक्की ठेवा, उदाहरणार्थ एका फेरीत ५०. यादी त्याहून मोठी असेल तर स्क्रिप्टने नकार द्यावा. एमोरीसारखा प्रसंग टाळायला या एका ओळीइतका उपयोगी दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

चौथा भाग काढण्याचा. प्रत्येक मशीनसाठी हा क्रम ठेवा:

१. एन्ट्रात मशीन निष्क्रिय करा. अपडेट-एमजीडिव्हाइसमध्ये अकाउंट-एनेबल्ड फॉल्स.
२. इन्ट्यूनची नोंद रिमूव्ह-एमजीडिव्हाइसमॅनेजमेंटमॅनेज्डडिव्हाइसने काढा.
३. ऑटोपायलटमध्ये असेल तर तिथून काढा.
४. प्रत्येक पायरीचा निकाल वेळेसह सीएसव्हीत लिहा, आणि तो लगेच लिहा. शेवटी एकदम लिहायला ठेवलंत आणि मधेच वीज गेली तर काय झालं ते कुणालाच कळणार नाही.

एन्ट्राचं डिलीट या फेरीत नाही. निष्क्रिय केलेलं मशीन किमान महिनाभर तसंच राहू द्या. त्या महिन्यात कुणी ओरडत आलं की माझा लॅपटॉप लॉगिन होत नाही, तर तो पुन्हा सक्रिय करायला एक मिनिट लागतं, आणि बिटलॉकरची की जागेवर असते. इन्ट्यूनमध्ये त्याला पुन्हा एनरोल करावं लागेल, पण डिस्कमधलं काम वाचतं. मायक्रोसॉफ्टचाही सल्ला आधी निष्क्रिय, मग डिलीट असाच आहे. महिना उलटला की दुसरी छोटी स्क्रिप्ट मागच्या लॉगमधले ऑब्जेक्ट आयडी वाचते, ते अजून निष्क्रिय आहेत का तपासते आणि तेवढेच काढते. मधल्या काळात कुणी सक्रिय केलेलं मशीन ती आपोआप सोडून देते.

प्रत्येक पायरी ट्राय-कॅचमध्ये ठेवा. ४०४ आलं, म्हणजे नोंद सापडली नाही, तर ती चूक धरू नका. वाइप किंवा रिटायर झालेल्या मशीनची नोंद आधीच गेलेली असू शकते. 'आधीच नाही' असं लिहा आणि पुढच्या पायरीवर जा. यामुळे अर्धवट थांबलेली फेरी पुन्हा सुरुवातीपासून चालवली तरी काही बिघडत नाही. ४०३ आलं तर मात्र हक्कच कमी आहेत, सगळं थांबवा. लागोपाठ पाच चुका झाल्या तरी थांबवा, मग कारण काहीही असो.

४२९ आलं तर सर्व्हर म्हणतोय, हळू. उत्तराबरोबर किती सेकंद थांबायचं तेही तो रिट्राय-आफ्टरमध्ये सांगतो, तेवढं थांबा. ग्राफचं मॉड्यूल काही वेळा स्वतःच पुन्हा प्रयत्न करतं, पण मोठ्या फेरीत त्यावर विसंबू नका, दोन मशीनांमध्ये एखादा सेकंद स्टार्ट-स्लीप टाका. ग्राफच्या बॅचमध्ये एका वेळी २० विनंत्या पाठवता येतात हे खरं आहे, पण काढण्याच्या कामात मी बॅच वापरत नाही. पाच मिनिटं वाचवून लॉग किचकट करण्यात काही मिळत नाही.

कोरडी फेरी

ग्राफच्या काढणाऱ्या कमांडा 'व्हॉट-इफ' मानतात, म्हणजे काय होईल ते सांगतात पण करत नाहीत. तुमच्या स्क्रिप्टलाही ते शिकवा: वर सपोर्ट्स-शुड-प्रोसेस लावा आणि प्रत्येक काढण्याआधी शुड-प्रोसेसला विचारा. मी तर उलटं करतो. स्क्रिप्ट नुसती चालवली की कोरडीच चालते, आणि खरोखर काढायचं असेल तर वेगळा स्विच द्यावा लागतो. घाईत विसरलं जातं ते टाळण्यापेक्षा, विसरलं तरी नुकसान होणार नाही अशी रचना बरी.

कोरड्या फेरीचा निकाल स्टोअरच्या माणसाला दाखवा. त्याला ग्राफ कळत नाही, पण रॅकवर काय आहे ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. यादीतले दहा नंबर सहज निवडा आणि त्याच्याबरोबर जाऊन लॅपटॉपच्या तळाचं स्टिकर वाचा. दहापैकी एक जरी चुकला तर यादी परत.

खरी फेरी आधी तीन मशीनांवर, तीही आयटी विभागाच्या स्वतःच्या. दुसऱ्या दिवशी दहा. मग पन्नास पन्नास. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करू नका. मंगळवारी सकाळी करा, म्हणजे चुकलेलं मशीन ज्याचं आहे तो ऑफिसात असतो आणि तुम्हीही असता.

फोन आणि टॅब्लेट

अ‍ॅपलची उपकरणं काढताना इन्ट्यूनशिवाय अ‍ॅपल बिझनेस मॅनेजरमधूनही ती मुक्त करावी लागतात, नाहीतर रिसेट झाल्यावर पुन्हा तुमच्याच व्यवस्थापनाखाली येतात. त्याआधी अ‍ॅक्टिव्हेशन लॉकचा बायपास कोड इन्ट्यूनमधून उतरवून ठेवा. नोंद गेली की कोडही जातो, आणि लॉक असलेला आयफोन कुणाच्याच कामाचा उरत नाही. अँड्रॉइडवर झिरो-टच किंवा नॉक्सची नोंदणी असेल तर तीही त्या त्या पोर्टलवरून काढायची. या पोर्टलांचं काम वरच्या स्क्रिप्टमध्ये कोंबू नका, यादी तीच वापरा.

नंतरचं

लॉगची सीएसव्ही जपून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. मी या कामाचे लॉग त्याहून जास्त, पुढच्या ऑडिटपर्यंत ठेवतो. मशीन भंगारात जात असेल तर ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रीसायकलर यांच्याकडेच द्यावं, आणि त्याची पावती त्याच सीरियल नंबरासमोर लावावी. कुठला लॅपटॉप कधी पुसला, कधी काढला आणि कुणाकडे गेला, हे एका ओळीत वाचता आलं की ऑडिटरचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

इन्ट्यूनमध्ये क्लीनअप रूल नावाची सोय आहे. ३० ते २७० दिवसांमधली मर्यादा दिली की तितके दिवस न दिसलेली मशीनं ती आपोआप यादीतून काढते. ती वाइप करत नाही, रिटायर करत नाही, आणि मशीन पुन्हा जागं झालं तर परतही येऊ शकतं. एन्ट्राला आणि ऑटोपायलटला ती हात लावत नाही. रोजची धूळ झाडायला ती चांगली आहे, पण मर्यादा २१० दिवसांच्या खाली आणू नका, २६ आठवड्यांचा हिशेब तिलाही लागू आहे. दर तिमाहीला एकदा एचआरकडून रजेची ताजी यादी मागवा आणि 'हात लावू नका' ग्रुपमध्ये ती मशीनं टाका. माणूस कामावर परत आला की त्याच आठवड्यात त्याचं मशीन ग्रुपमधून काढा.